ओल्या फडक्यातली मोड

मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. इतक्या वर्षांचा अनुभव सांगते, मुलांना धीर शिकवणारी पुस्तकं सगळ्यात जास्त घाईगडबडीत तयार होतात. या पुस्तकाचंही तेच झालं. प्रकाशकांचा फोन आला सोमवारी, आणि चित्रं त्यांना बहुतेक आदल्या शुक्रवारीच हवी होती.

"बँकेचं काम आहे बाई," ते म्हणाले. "लहान मुलांची खाती उघडतायत. प्रत्येक खात्यामागे एक चित्रपुस्तक फुकट. विषय सोपा आहे. बचत आणि धीर."

"म्हणजे मुलांच्या हातात पैसे ठेवायचे आणि हात लावू नकोस म्हणून सांगायचं."

"तुम्ही चित्रं काढा हो."

प्रकाशक माणूस वाईट नाही, चिकट आहे. त्यांच्या ऑफिसात दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींवर न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे असतात. बसायचं तर आधी एखाद्या कवीला उचलून जमिनीवर ठेवावं लागतं. मजकूर ते स्वतःच लिहितात, कारण लेखक गाठला तर त्याला पैसे द्यावे लागतात. बचतीवर लिहायला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

पुस्तक सोळा पानांचं ठरलं. सोळाच का, तर छापायचा कागद दुमडला की सोळा पानं होतात. मुलांच्या मनाबिनाचा त्यात काही संबंध नाही. प्रकाशकांची कल्पना अशी की डाव्या पानावर मूग आणि उजव्या पानावर पैसे. डावीकडे लिहिलं होतं, 'मूग भिजव. फडक्यात बांध. घाई करू नकोस. मोड येतील.' उजवीकडे, 'पैसे ठेव. नीट झाकून ठेव. घाई करू नकोस. मोड येईल.' मुगाला येतात ते मोड आणि दुकानदाराकडे मागतो ती मोड, म्हणजे सुट्टे पैसे. या कोटीवर ते इतके खूश होते की फोनवरच स्वतःशी हसत होते.

"आता मोड कोण म्हणतं? सुट्टेच म्हणतात सगळे," मी म्हटलं.

"म्हणून तर मजा. आणि हे बघा, नाण्याला एक छोटासा कोंब दाखवा. हिरवा."

"नाण्याला?"

"छोटासा."

मी दाखवला. पैसे घेतल्यावर मी हुज्जत घालत नाही, काम करते. जलरंगात धातू काढणं कटकटीचं असतं, कागद कोरा सोडून चकाकी आणावी लागते. पण त्या दिवशी हात चालला. नाणं असं उतरलं की उचलून खिशात टाकावं, आणि त्याच्या कडेतून वर आलेला कोंब तर खऱ्यापेक्षा खरा. मी स्वतःवरच खूश झाले. ते पुढे अंगाशी आलं.

त्या वेळी ढब्बू माझ्याकडे राहत होती. ढब्बू माझ्या धाकट्या भावाची मुलगी, सात वर्षांची. जन्मली तेव्हा गोलमटोल होती म्हणून ढब्बू. पुढे काडीसारखी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलं. भाऊ गेला. वारला नाही, नुसता गेला, दुसऱ्या एका बाईच्या घरी. हे सांगावं लागतं, नाहीतर लोक चेहरे पाडून बसतात. त्यानंतर भावजयीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. राहायला चौघींत एक खोली, आणि तिथे मूल चालत नाही. म्हणून ढब्बू माझ्याकडे. "थोडे दिवस, ताई," भावजय म्हणाली होती. "स्वतंत्र खोलीच्या डिपॉझिटपुरते पैसे साठले की नेते तिला."

थोड्या दिवसांची तीन वर्षं झाली होती. डिपॉझिट साठलं की ढब्बू जाणार, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सगळ्यांना म्हणजे आम्हा दोघींना. आणि ती जावी असं मला वाटत नव्हतं. हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडून आडून सांगायला नको. मी एकटी राहणारी बाई, बोलायला तिखट, सवयींची पक्की. माझ्या टेबलावरचा ब्रश कुणी हलवला तर मी दिवसभर धुसफुसत असे. त्या घरात हे पोर आलं, ब्रश हलायला लागले, आणि मला ते चालायला लागलं. पण आईने स्वतःचं मूल नेऊ नये असं म्हणणारी मी कोण? तेव्हा मी काही म्हणत नव्हते. भावजय दर रविवारी फोन करायची. "त्रास नाही ना देत तुम्हाला?" विचारायची. मी म्हणायचे, "ते राहू दे. पैसे साठतायत ना नीट?" एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण या एका बाबतीत मी अगदी शहाण्यासारखी वागत होते.

पुस्तकातल्या मुलाचे हात ढब्बूचे आहेत. ती टेबलाच्या कडेला बसून फडकं बांधायची, सोडायची, परत बांधायची, आणि मी काढायचे. मग पुस्तकाची कच्ची प्रत केली, कागद दुमडून मध्ये दोरा घालून. ती प्रत घेऊन ढब्बू टेबलाखाली गेली. तिची वाचायची जागा तीच. मग खालून प्रश्न आला.

"आत्या, शेवटी याला काय मिळतं?"

"छत्री."

"एवढं थांबून छत्री?"

"आधी सायकल होती. बँक म्हणाली सायकल नको, मुलं पडतात, मग पालक भांडायला येतात. मग कुत्र्याचं पिल्लू होतं. बँक म्हणाली पिल्लू विकत घेणं बरं दिसत नाही. छत्रीवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं."

"पण पैसे साठेपर्यंत हा भिजला असेल ना."

"हे प्रकाशकांना सांग," मी म्हटलं. ती परत वाचायला लागली आणि मी परत रंगवायला लागले.

दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मला ओल्या फडक्याची एक पुरचुंडी दिसली. चित्रासाठी आम्ही खरेच मूग भिजवले होते, पण ते केव्हाच उकडून, मीठ घालून खाऊन झाले होते. ही पुरचुंडी उचलली तर जड लागली, आणि आतून खळखळ आवाज आला. सोडून बघते तर नाणी. सगळी नाणी ओली, आणि त्यांच्या पोटात चार घड्या घातलेली एक नोट, आईने वाढदिवसाला पाठवलेली. नोटेचा पार लगदा व्हायला आला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मोड यायला ठेवलेत," ढब्बू म्हणाली, जसं काही मीच खुळी.

"पैशाला?"

"तुझ्या पुस्तकात आहे."

"माझ्या नाही. प्रकाशकांच्या. लिहिलंय त्यांनी."

"पण चित्र तू काढलंयस." तिने प्रत आणली, ते पान उघडलं आणि कोंबावर बोट ठेवलं. "हा कोंब तू काढलास ना?"

काढला होता. आता तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हायला हवं होतं की अगं, ही कोटी आहे, एका शब्दाचे दोन अर्थ असतात, आणि त्यातला एक आता कुणी वापरतही नाही. सांगायला तोंड उघडलंही. पण त्याआधी मी विचारलं, "मोड आल्यावर काय घेणार आहेस एवढं?"

"आईच्या खोलीला देणार," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. नोट तेवढी काढून घेतली, कारण कागद भिजवून चालत नाही असं तिला सांगता आलं. आम्ही ती नोट टिपकागदात घालून जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली, मी ओली चित्रं दाबते तशी. नाणी तिने परत बांधली, वर पाणी शिंपडलं आणि शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासायला गेली तेव्हा मी पुरचुंडी सोडली, माझ्या पाकिटातलं एक नाणं आत टाकलं आणि पुन्हा बांधून ठेवली. का, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. तिने येऊन फडकं सोडलं, मोजलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की झालं माझं काम. मग रोजचंच सुरू झालं. ती दात घासायला गेली की मी ओट्याशी. कधी छोटं नाणं, कधी मोठं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पाहिलेत, पण रोज सकाळी मापात, थोडाथोडा पाडून घेणारी मीच. जी खोली होऊ नये असं वाटत होतं तिच्यासाठी मी पैसे टाकत होते. आणि एकही दिवस चुकवत नव्हते.

एकदा चुकवला. मुद्दाम. म्हटलं, बास झाला हा खुळेपणा, नाही आले मोड तर नाही आले, पोर विसरून जाईल. तिने फडकं सोडलं, मोजलं, पुन्हा मोजलं. मग काही न बोलता बांधलं, पाणी शिंपडलं. "आज नाही आली," एवढंच म्हणाली, आणि दुधाच्या सायीवरून रोज होते ती कटकट न करता दूध पिऊन गेली. त्या दिवशी मी ब्रश धुवायचं पाणी जवळपास पुऱ्या झालेल्या पानावर सांडलं. पान परत काढायला दोन रात्री गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन नाणी टाकली.

हे सगळं मी प्रकाशकांना सांगितलं, त्यांच्या कोटीने काय करून ठेवलंय ते कळावं म्हणून. ते मनापासून हसले.

"अहो, मग व्याज म्हणजे दुसरं काय असतं? झाकून ठेवायचं, आणि कुणीतरी मागच्या दाराने टाकत जायचं."

"बँक पदरचे टाकत नाही. मी टाकतेय."

"तुम्ही मानधनातलेच टाकताय ना? म्हणजे फिरून बँकेचेच."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण खरं सांगायचं तर पुस्तकाचा मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. शाळेच्या कोपऱ्यावर गोळ्या-चॉकलेटांचं दुकान आहे. तिथून ढब्बू रोज हात आणि गाल चिकट करून यायची आणि माझ्या कागदांना डाग पाडायची. ते बंद झालं. खाऊचे पैसे सरळ फडक्यात जायला लागले. मी फोनवर बढाई मारली, म्हटलं, बघा, आपलं पुस्तक छापायच्या आधीच एका मुलीला लागू पडलं. पुढे पुस्तक छापून आलं. छत्री जरा जास्तच निळी छापली गेली, नाण्याचा कोंब मात्र फर्मास. बँकेच्या काउंटरवर गठ्ठे लागले आणि मी दुसऱ्या कामाला लागले. फडकं ओट्यावर होतंच. तोवर त्याचं चांगलं गाठोडं झालं होतं.

मग एका बुधवारी, रविवार नसताना, भावजयीचा फोन आला.

"ताई, खोली मिळाली. थोडे कमी पडतायत, पण करते काहीतरी. शनिवारी येते आणि तिला घेऊनच जाते."

"शाळा मध्येच सोडायची?"

"तिकडे घेतात मधूनसुद्धा. विचारलंय मी." जरा थांबून ती म्हणाली, "खूप वेळ लावला मी, मला कळतं."

"छान झालं," मी म्हटलं. एकदा नाही, तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर इतक्या उत्साहाने म्हटलं की पलीकडे ती गप्पच झाली.

शुक्रवारी दुपारी ढब्बूने शेवटचं फडकं सोडलं. नाणी पुसून वाळवायची होती, आईला ओली कशी देणार? आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि समोरासमोर बसून एकेक नाणं पुसायला लागलो. काही नाण्यांवर हिरवट डाग धरले होते, ते मी जुन्या ब्रशने घासत होते. ढब्बू मोठी नाणी एकीकडे, छोटी दुसरीकडे लावत होती. लावता लावता, मान वर न करता म्हणाली,

"आत्या, अजून टाकायचे असतील तर आजच टाक. उद्या आई येईल."

"काय टाकायचे?"

"पैसे. तू टाकतेस ते."

मी ब्रश खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझी गाठ एकदाच असते. तू दोनदा मारतेस." तिने आणखी एक नाणं रांगेत ठेवलं. "पहिल्यांदा मला खरं वाटलं होतं. म्हटलं, मोड आली. मग गाठ बघितली."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत आहे?"

"हो."

"मग रोज भिजवत कशाला होतीस?"

"तू टाकत होतीस म्हणून."

मला वाटलं, झालं, पोरगी महा बिलंदर आहे. माझ्या खुळेपणावर इतके दिवस गुपचूप पैसे कमावले. हसूही आलं मला. म्हटलं, "चांगलीच लुबाडलीस की आत्याला."

"नाही," ती म्हणाली. आता मात्र तिने वर बघितलं. रागावली नव्हती, रडत नव्हती, फक्त नीट समजावून सांगत होती. "मला वाटलं तुला घाई आहे."

"कसली घाई?"

"मी जायची. तू आईला पण विचारतेस ना दर वेळी, पैसे साठतायत ना म्हणून. आणि मग रोज टाकायला लागलीस. एकदा विसरलीस तर दुसऱ्या दिवशी दोन टाकलीस. म्हणून मी पण खाऊचे टाकले. म्हणजे लवकर होईल."

माझ्या पुस्तकाने हे मूल काटकसर शिकलं म्हणून मी फोनवर मिरवत होते, आणि हे मूल रोज दुकानासमोरून हात हलवत घरी येत होतं, तर ते आत्याला आपला कंटाळा आलाय, तिची एकदाची सुटका करावी म्हणून. तेही कुरकुर न करता. धीराने.

"नाही गं," मी म्हटलं. "मला घाई नव्हती. मला तू हवी होतीस."

"होतीस?"

"आहेस. हवी आहेस. तू जाऊ नयेस असं वाटतं मला. पहिल्यापासून वाटतं."

"मग टाकत का होतीस?"

"तू रोज सकाळी उठून बघायचीस म्हणून. काही नसतं तर तुला वाईट वाटलं असतं."

तिने यावर विचार केला. तिला ते पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली, अगदी खेटून, आणि पुसलेलंच एक नाणं घेऊन परत पुसायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही, हात हिरवे झाले होते.

"हे आईला सांगशील?" तिने विचारलं.

"काय?"

"तुला घाई नव्हती ते."

"बघू."

"तू बघू म्हणतेस तेव्हा नाही सांगत."

शनिवारी सकाळी भावजय आली. जिने चढून दमली होती. हातांची बोटं धुलाईखान्याच्या सोड्याने सोलवटलेली. ढब्बू तिच्या गळ्यात पडली ती सुटेचना. मग एकदम आत पळाली आणि नाण्यांची पिशवी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"अगं, हे काय?" भावजय म्हणाली. "एवढे? राहू दे राणी, तुझ्या वह्यांना होतील. खोलीचं झालं. मुकादमबाईंनी पुढच्या पगारातली उचल दिली, कालच भरले मी सगळे." मग माझ्याकडे वळून हसली, ओशाळं हसली. "सुटलात ताई एकदाच्या. तीन वर्षं तुम्ही कशी काढली असतील, मला कळत नव्हतं असं नाही."

अशा वेळी म्हणायचं ठरलेलं असतं. छे, त्यात काय, कसली सुटका. मी ते म्हणणारच होते. ढब्बू पिशवी पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभी होती.

"मला सुटायचं नव्हतं," मी म्हटलं. "तू तिला नेऊ नकोस असं म्हणत नाही. तू आई आहेस, तू न्यायलाच हवंस. पण मला घाई नव्हती. कधीच नव्हती. उलट पैसे साठू नयेत असं वाटायचं मला. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

भावजयीच्या खांद्यावर अजून पर्स तशीच होती. ती माझ्या कामाच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही.

"तुम्ही दर रविवारी विचारायचात," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, ताई तोंडाने बोलत नाहीत पण त्यांना जड झालंय. म्हणून मी रात्रपाळ्या घ्यायला लागले. म्हणून ही खोली घेतली." ती हातांकडे बघत बोलत होती. "खिडकी नाही तिला. दुसरी होती, खिडकीवाली, शाळेजवळची. ती वर्षाअखेरीला रिकामी होणार होती. हिची परीक्षाही इथे झाली असती."

"मग?"

"मग काय. थांबले असते मी."

"आता परत नाही मागता येणार?" ढब्बूने विचारलं.

"नाही गं. भरले की भरले."

ढब्बूने पिशवी जमिनीवर ठेवली आणि आईच्या पर्सचा पट्टा तिच्या खांद्यावरून काढायला लागली. मी उठून चहा टाकला. ढब्बूचे कपडे मी आदल्या रात्रीच घड्या घालून बॅगेत भरून ठेवले होते, तेही फार नीटनेटके, जसं काही मला कधी एकदा भरते असं झालं होतं. त्या बॅगेकडे आता भावजयीने बघितलं आणि मीही बघितलं. चहा झाला. तिघीही तो जमिनीवर बसून प्यायलो, ढब्बू जास्त दुधाचा. परत एकदा टाकला. आता कुणालाच घाई नव्हती. गाडी चारची होती.